तिसऱ्या ओळीचं कारण

"म्हणजे सीआयडीत घेत्यात काय तुला?"

रंगरावांनी ओठांत धरलेल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या आणि हा प्रश्न विचारला. त्यांची मुलगी वनजा खिडकीशी हात पसरून उभी होती. नव्या ब्लाउजची डावी बाही सैल होते असं तिच्या आईचं, मालतीबाईंचं, म्हणणं होतं. शिंप्याच्या मुलीनं सैल बाहीनं मुलाखतीला जाणं म्हणजे दुकानावर पाटी उलटी लावण्यासारखं, असंही त्या म्हणाल्या होत्या.

"सीआयडी नाही, अप्पा. गणित आहे ते."

"मत्ते, मग चार वर्षं काय शिकलीस? तेबी गणितच की."

"ते शिकवायचं गणित. हे वेगळं." वनजा अडली, मग परत उभारी धरून म्हणाली, "आता एक कुलूप समजा. लावायला कुणालाबी येतंय. पण उघडायला एकाकडंच किल्ली. असलं कुलूप संख्यांचं करायचं. फोनवर, बँकेत, सगळीकडं तेच लागतंय."

आतून आत्या, शांताक्का, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अय्यो, कुलूप शिकायला एवढी परीक्षा कशाला गं? आपल्या ओणीच्या, गल्लीच्या तोंडाला तो रिपेरीवाला बसतोय की."

मालतीबाई हसल्या, रंगरावही हसले. वनजाला हसू आलं नाही. अध्यापनशास्त्रात ती सगळ्या वर्गात पहिली आलेली, अवघड गोष्ट सोपी करून कशी सांगावी यावर तिनं भलामोठा प्रबंध लिहिलेला, आणि स्वतःच्या बापाला एक कुलूप समजावता येईना. तिचा राग घरच्यांवर नव्हता, स्वतःवर होता, आणि असला राग फार वाईट. तो काढायला कुणी सापडत नाही.

तिला हे वेड कुठून लागलं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे ते घरातूनच लागलं होतं. म्हैसूरच्या संतेपेटेत रंगरावांचं शिवणकामाचं दुकान होतं. किती पिढ्यांपूर्वी हे लोक या गावात आले ते कुणी सांगू शकत नसे. विठोबा तेवढा सोबत आला होता आणि घरात बोलायची भाषा. दुकानात ती भाषा फार उपयोगी पडे. गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये गोड बोलायचं आणि त्याच्या देखत, त्याच्याचबद्दल, आपसांत मराठीत काय वाटेल ते बोलायचं. सगळ्या संतेपेटेत आपल्या लोकांचा हाच रिवाज होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

एकदा एक चांगले भरदार गृहस्थ सफारी शिवायला आले. रंगरावांनी कमरेभोवती टेप फिरवली आणि धाकट्या भावाला मराठीत सांगितलं, "गोपाळा, ह्यांना तंबूचं कापड काढ." गृहस्थ आरशात बघत शांतपणे म्हणाले, "काढा. पण अस्तर मऊ लावा." ते निपाणीचे निघाले.

हा किस्सा पुढे लग्नकार्यांत कितीदा तरी सांगून झाला. त्या वेळी कोपऱ्यात काजं करत बसलेली वनजा मात्र हसली नव्हती. तिला वाटलं, मग आपण इतकी वर्षं लपवत होतो ते काय? गुपित भाषेत नव्हतंच. ते समोरच्याला आपली भाषा येत नाही, या आपल्या समजुतीत होतं. पुढे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला ग्रंथालयातल्या एका जुनाट पुस्तकात तिनं वाचलं, की कुलपाची घडण साऱ्या जगाला ठाऊक आहे असंच धरून चालावं; लपवायची ती फक्त किल्ली. वाचता वाचता तिच्या अंगावर काटा आला. अप्पांची टेप आणि निपाणीचे गृहस्थ कुणीतरी परदेशात बसून गणितात लिहून ठेवले होते.

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. पण तिचं कॉलेज होतं गणिताचे शिक्षक घडवायचं. चार वर्षांत पदवी आणि बी.एड. एकदम, म्हणून घरच्यांनी तिला तिथं घातली होती. बाहेर पडली की नोकरी. के. आर. नगरच्या शाळेत सराव पाठांना गेली तेव्हा तिनं बाकी उरणारा भागाकार शिकवायला मुलांना गुप्त चिठ्ठ्या लिहायला लावल्या. मुलं बाकांवर उभी राहायची तेवढी बाकी होती. तिथल्या बाईंनी शेरा मारला, "पाठ रंजक, परंतु अभ्यासक्रमाबाहेरचा." तिचे प्राध्यापक नरसिंहमूर्ती यांच्याकडे ती शिफारस मागायला गेली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून मनापासून हळहळ व्यक्त केली. "तू इतकं छान शिकवतेस. तू तिकडं गेलीस तर एका शाळेचं नुकसान." शिफारशीतही त्यांनी तेच लिहिलं, की ही उत्तम शिक्षिका होईल. कौतुकानं माणसाला इतकं छळता येतं हे वनजाला तोवर माहीत नव्हतं.

आता सगळं एका सकाळवर आलं होतं. गावाबाहेरच्या गणित केंद्रात क्रिप्टोग्राफीचा, म्हणजे या संख्यांच्या कुलपांचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू होणार होता, विद्यावेतनासकट. जागा मोजक्याच. तिथं नाव लागलं तर ठीक. नाहीतर जूनमध्ये बेट्टदपुरच्या शाळेत रुजू व्हायचं, तसं नेमणुकीचं पत्र आलेलंच होतं. आणखी एक वर्ष घरी बसून तयारी करते म्हणायची सोय नव्हती. पाठीवर दोन बहिणी होत्या आणि अप्पांचे डोळे सुईत दोरा ओवताना हल्ली दगा देत होते.

बाही नीट झाली. रंगरावांनी दुकान भावावर सोपवलं आणि मुलीबरोबर बसमध्ये बसले. केंद्राच्या फाटकाशी आल्यावर मात्र ते आत यायला तयार होईनात.

"मी हितंच झाडाखाली बसतो. तू जाऊन ये. घाबरू नको, काय विचारलं तर सावकाश सांग."

वऱ्हांड्यात बंगळुरूची मुलं बसली होती. कुणी कुठल्या परिषदेला जाऊन आलेला, कुणी कुठल्या ऑलिंपियाडात चमकलेला. वनजाकडे होती एका पुस्तकाची झेरॉक्स आणि तिनं स्वतः लिहिलेलं एक पान. हा विषय मला का शिकायचा आहे, ते लिहून पाठवा असं सांगितलं होतं. ते पान तिनं कितीदा लिहिलं आणि फाडलं याला गणती नाही. निपाणीच्या गृहस्थांची गोष्टही त्यात होती.

आत गेल्यावर तिला पहिल्यांदा दिसलं ते तेच पान. त्याच्यावर चहाची कपबशी ठेवलेली होती.

टेबलाशी तिघं होती. मधोमध डॉ. बेहेरे आणि त्यांच्या उजवीकडे डॉ. निमकर, दोघेही पुण्याहून आलेले. डावीकडे बंगळुरूच्या डॉ. लक्ष्मीदेवी, पिकल्या केसांच्या, सुती साडीतल्या. त्या तिच्याकडे बघत होत्या.

बेहेऱ्यांनी फाइल उघडली आणि इंग्रजीत विचारलं, "तुम्ही शिक्षणशास्त्राच्या?"

"गणित शिक्षण, सर."

निमकर बेहेऱ्यांकडे झुकले. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून, खिडकी उघडी टाकू का असं विचारावं तितक्या सहज, मराठीत म्हणाले, "अहो, ही बी.एड.वाली यादीत आली कशी?"

"गुण चांगले आहेत ना. पण पाठांतर असतं हो यांचं."

"मग?"

"मग काय, दोन सोपे प्रश्न विचारू आणि सोडू. मुलीला वाईट वाटायला नको. मास्तरीण चांगली होईल. गणित शिकवायला ठीक आहे, करायला नाही."

दोघांनी तिच्याकडे पाहून मान डोलावली, प्रोत्साहन द्यावं तशी.

वनजाची कानशिलं तापली. या वेळी काहीतरी झटकन, थंडपणे बोलायला हवं होतं. ते निपाणीचे गृहस्थ काय सुरेख बोलून गेले होते. पण वेळेवर सुचणं हे पोट सुटलेल्या सुखवस्तू माणसांना जमतं. जिचं सगळं पणाला लागलंय तिला नाही. तिच्या तोंडून निघालं ते असं:

"सर, मला मराठी येतंय. आमचं घरातलं भाषा तेच."

बेहेऱ्यांनी फाइल मिटली, परत उघडली. वनजाला वाटलं, आता हे रागावतील किंवा शरमतील. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. पण निमकरांचा चेहरा एकदम उजळला.

"अरे वा! तुम्ही मराठी? इथल्याच?"

"होय सर. संतेपेटेतले."

"आणि कधी आलात इकडे? म्हणजे पूर्वज?"

"ते गोत्तिल्ला सर. म्हणजे, ठाऊक नाही. फार जुनं आहे."

"बेहेरे, ऐकताय ना? 'आमचं भाषा'! काय गोड आहे हो. या लोकांनी कुठली कुठली मराठी जपून ठेवलीय."

"शिंपी की भावसार?" बेहेऱ्यांनी आता अगदी घरगुती आवाजात विचारलं. ओशाळलेपण झाकायला माणसाला जिव्हाळ्यासारखं दुसरं पांघरूण नाही.

मग जे सुरू झालं ते थांबेचना. घरी वरणाला काय म्हणता? लग्नात गाणी कुठली? विठ्ठलाचं देऊळ आहे का, एकादशीला काय करता? वनजा उत्तरं देत होती आणि तिच्या प्रत्येक वाक्याला निमकर मान हलवून दाद देत होते. ती दोनदा म्हणाली, "सर, तो गणिताचा प्रश्न." दोन्ही वेळा बेहेरे म्हणाले, "विचारू, विचारू, घाई काय आहे?" मघाशी त्यांना घाई होती हे ते विसरले होते.

"एखादा अभंग येतो का?" निमकरांनी विचारलं. "म्हणा ना, दोन ओळी. तुमच्या चालीत."

"येतंय सर," वनजा म्हणाली. "पण मी त्याच्यासाठी नाही आलते."

निमकर जरा हिरमुसले. बेहेऱ्यांना मात्र तेवढ्यात काहीतरी सुचलं होतं. ते पुढे सरकून बसले.

"हे बघा, तुमच्यासारखं माणूस आम्ही केव्हापासून शोधतोय. सीमाभागातल्या शाळांसाठी गणिताची पुस्तकं मराठीतून कन्नडमध्ये आणायची आहेत. गणित येतं, बी.एड. आहे, दोन्ही भाषा घरच्या. मानधन बरं आहे. घरी बसून करता येईल. इथलं हे क्रिप्टोग्राफीचं जाऊ द्या, ते फार रुक्ष असतं."

मघाशी जी नकोशी होती, ती एका वाक्यात मोलाची झाली होती. ज्याच्यासाठी ती आली होती तेवढं सोडून बाकी सगळ्याला ती लायक होती. वनजाला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण रडू येईना. घरात रिपेरीवाला, के. आर. नगरला अभ्यासक्रमाबाहेर, नरसिंहमूर्तींकडे शाळेचं नुकसान, आणि इथं वरणाला काय म्हणता. एवढ्या जणांत एकानंही विचारलं नव्हतं, की बाई, तुला येतं काय?

ती उठून उभी राहिली.

"सर, मला एक प्रश्न विचारा. एकच. नाही आला तर जाते."

"अहो, बसा, बसा."

"एक मिनिट." हा आवाज डावीकडून आला, इंग्रजीत. डॉ. लक्ष्मीदेवींनी पेन खाली ठेवलं. "तुमचं बोलणं मला बराच वेळ समजत नाहीये. कुणी मला सांगेल का, हिला गणितातलं काही विचारून झालं की नाही?"

बेहेऱ्यांनी घड्याळ बघितलं.

लक्ष्मीदेवींनी मग कपबशी उचलून बाजूला ठेवली, ते पान काढून घेतलं आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. वाचायला त्यांनी पुरेसा वेळ घेतला. निपाणीच्या गृहस्थांशी आल्यावर त्यांच्या ओठांची कड जराशी हलली. मग त्या म्हणाल्या, "तू कुलपाबद्दल लिहिलं आहेस. एक संख्या आपण एका घातानं बंद करतो आणि दुसऱ्या घातानं उघडतो. उघडल्यावर पहिलीच संख्या परत का येते? फळ्यावर सिद्ध कर."

वनजानं खडू उचलला. हे तिला येत होतं. झेरॉक्सची ती पानं तिनं इतकी वाचली होती की त्यांच्या कडा मऊ झाल्या होत्या. ती लिहू लागली. अक्षर सरळ, ओळी समांतर, आणि दर ओळीनंतर वर्गाला दिसावं म्हणून एक पाऊल बाजूला. बी.एड.नं अंगात मुरवलेली सवय ती जाते कुठं? निमकरांनी ते बघून बेहेऱ्यांना कोपरानं खुणावलं. या वेळी ते मराठीत काही बोलले नाहीत, एवढं मात्र खरं.

सिद्धता पुरी झाली तेव्हा फळा भरला होता. वनजा वळली. निमकर दाराशी शिपायाला जेवणाचं विचारत होते. बेहेरे पुढच्या उमेदवाराची फाइल चाळत, वर न बघता म्हणाले, "छान, छान."

डॉ. लक्ष्मीदेवी फळ्याकडे बघत होत्या.

"तिसरी ओळ," त्या म्हणाल्या.

वनजानं तिसरी ओळ बघितली. तिला त्यात काही वावगं दिसेना.

"तिथं तू धरून चालली आहेस, की आपल्या संख्येला कुलपातल्या त्या मूळ संख्येनं भाग जात नाही. कशावरून?"

"मॅडम, पुस्तकात..."

"पुस्तक मी वाचलंय. भाग गेला तर?"

खरंच, गेला तर? इतक्या वेळा ती त्या ओळीवरून गेली होती आणि इतक्या वेळा ती ओळ तिला काही बोलली नव्हती. बेहेऱ्यांचं म्हणणं तिच्या कानांत घुमलं. पाठांतर असतं हो यांचं. म्हणजे तेही अगदीच खोटं नव्हतं, आणि हे सगळ्यांत जास्त लागलं. ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. मागं निमकर परत येऊन बसल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. लक्ष्मीदेवींनी घाई केली नाही, की काही सुचवलंही नाही.

भाग गेला तर बाकी शून्य. मग घात कितीही घेतला तरी शून्यच.

"मॅडम, मग दोन्हीकडं शून्य," वनजा हळूच म्हणाली. बोलताना ती कन्नडमध्ये गेली होती, हे तिच्या लक्षातही आलं नाही. "बंद करून उघडली तरी शून्य, आणि मूळची बाकीबी शून्य. म्हणजे त्या वेळी बी सारखंच येतंय."

"मग लिही तसं," लक्ष्मीदेवीही कन्नडमध्येच म्हणाल्या. "तुझं चुकलेलं नव्हतं. पण कारण न देता तू पुढं गेलीस. आमच्या धंद्यात ते चालत नाही."

फळ्यावर जागा उरली नव्हती. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये बारीक अक्षरात तिनं ते दाटीवाटीनं बसवलं. बसवताना तिला आनंद होत होता. इतका, की आपल्याला इथून आता हाकलणार आहेत हे ती क्षणभर विसरली. तिच्या गणितात कुणीतरी चूक काढली होती. चूक काढायला ते आधी वाचावं लागतं.

"आता झाली सिद्धता," लक्ष्मीदेवी म्हणाल्या आणि त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

पण टेबलाशी तिघं होती, आणि तिघांत एक म्हणजे एकच. दुपारी वऱ्हांड्यातल्या फळ्यावर यादी लागली. बंगळुरूची मुलं आधी पुढे घुसली. वनजानं गर्दी ओसरू दिली, मग यादी वरून खाली वाचली आणि एकदा खालून वर. आत जेवणाच्या खोलीतून निमकरांचं हसणं ऐकू येत होतं. डॉ. लक्ष्मीदेवी पायऱ्या उतरून गाडीकडे चालल्या होत्या. त्यांनी वनजाला पाहिलं. थांबल्या, आणि मग नुसती मान हलवून गाडीत बसल्या.

रंगराव झाडाखाली वर्तमानपत्र अंथरून बसले होते. मुलीला येताना बघून ते उठले, वर्तमानपत्राची घडी घातली.

"काय गं वनी? विचारलं काय?"

"विचारलं."

"सांगितलीस?"

"सांगितलं. एक चूक निघाली माझी."

रंगरावांचा चेहरा पडला. पण माणूस दुकानदार, लगेच सावरला. "एकच ना?"

"एकच. ती बी तिथंच नीट केली मी. त्या मॅडम म्हणाल्या, आता झालं. पण नाव नाही लागलं."

"मत्ते नाव का नाही लागलं?"

याचं उत्तर वनजाला मराठीत देता आलं असतं आणि कन्नडमध्येही. अप्पांना ते समजलंही असतं, कुलपापेक्षा लवकर. ती बसच्या थांब्याकडे चालू लागली. बेट्टदपुरच्या पत्राला होकार कळवायचा होता, तो उद्या कळवता आला असता. पुस्तकांच्या कामाचं तिनं सांगितलं नाही, कारण ते ऐकून अप्पा खूश झाले असते आणि आज तिला ते सहन झालं नसतं.

बस आली. खिडकीशी जागा मिळाली. थोडं अंतर गेल्यावर वनजानं पिशवीतून झेरॉक्स काढली आणि मांडीवर पसरली. तिसऱ्या ओळीशेजारच्या समासात तिनं ते कारण लिहून काढलं. लिहून झाल्यावर तिला शंका आली, की कुलपातल्या मूळ संख्या तर दोन असतात. एकीचं झालं, दुसरीचं काय? तिनं पान उलटलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतलं. बस खड्ड्यांतून चालली होती आणि आकडे वाकडेतिकडे पडत होते. तिचे डोळे भरून आले होते, पण हात थांबला नव्हता.

कंडक्टर आला. रंगरावांनी बोटं दाखवून दोघांची तिकिटं घेतली. मग तिच्या कोपराला जागा व्हावी म्हणून ते आपल्या बाजूला सरकले आणि संतेपेटे येईपर्यंत अर्ध्या सीटवर अंग चोरून बसून राहिले.